‘नावडतीची आवडती कधी होते?’

ताई,

मी औसा तालुक्यातल्या एका गावची. वय 28. बी.कॉम. झालेय, लातूरला एका डाळमिलमध्ये हिशेब बघते, रोज एसटीनं ये-जा करते. नववीत असताना डाव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग आले. आता दोन्ही हातांवर, ओठांच्या कडेला आणि नडगीवर आहेत. कोड आहे. खूप औषधं केली, कोणी सांगितली ती तेलं लावली. रोज झोपताना वाटायचं, सकाळी उठेन तेव्हा हात स्वच्छ असतील. घरात मला कोणी वाईट वागवत नाही, पण भाकरी थापू देत नाहीत. पाहुणे आले की पाणी दुसरं कोणीतरी नेतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात सगळ्यांची पंगत बसते, मी कडब्याच्या कोपीच्या मागं बसते. तसं कोणी सांगितलं नाही, मीच बसते.

आमच्या वहिनीची शिवामूठ आहे. श्रावणात दर सोमवारी ती हट्टानं मलाच कहाणी वाचायला बसवते. यंदा ‘नावडती होती ती आवडती झाली’ या ओळीवर माझा आवाज बसला, पुढं वाचवेना.

मोंढ्यातल्या एका आडतीवरचे मुनीम मालाच्या पट्ट्या घेऊन मिलमध्ये येतात. आमचं बोलणं होतं, माझ्या डब्यातलं खातात. दिवाळीनंतर त्यांनी विचारलं, ‘घरी येऊन बोलू का?’ मी नुसतं माझ्या हातांकडं बघितलं. ते म्हणाले, ‘मला तुमचे डाग दिसतच नाहीत.’ तेव्हापासून मी लांब बाह्यांचेच कपडे घालते आणि त्यांच्याशी नीट बोलत नाही. त्यांना माझी कीव येत असणार. इकडं घरी उदगीरकडचं स्थळ आलंय. बिजवर आहेत, 42 वर्षांचे, दोन लेकरं. आई म्हणते, ‘हो म्हण बाई, आणखी कुणाची वाट बघायलीस?’ अण्णा बोलत नाहीत. ताई, नावडतीची आवडती कधी होते?

– नावडती

*

अगं,

प्रश्न तू कहाणीतला विचारलास, तर आधी कहाणीच नीट वाचू. तुला ती पाठ आहे. पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांच्या घरी शिवामूठ असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

आटपाट नगर होतं. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं आणि काम गुराख्याचं. श्रावणातला पहिला सोमवार आला, ती रानात गेली. तिथं तिला नागकन्या, देवकन्या भेटल्या. त्या महादेवाला शिवामूठ वाहायला निघाल्या होत्या. हिनं विचारलं, त्यानं काय होतं? त्या म्हणाल्या, इच्छिलेलं कार्य सिद्धीस जातं, नावडती माणसं आवडती होतात. ही त्यांच्याबरोबर गेली, त्यांच्याकडून वसा घेतला. मग एकेका सोमवारी तांदूळ, तीळ, मूग, जव. घरचे विचारू लागले, नावडते, तुझा देव कुठं आहे? ती म्हणाली, माझा देव फार लांब आहे, वाटा कठीण आहेत, काटेकुटे आहेत, साप-वाघ आहेत. एका सोमवारी सगळे तिच्या मागोमाग निघाले. तिची चिंता बघून देवाला करुणा आली आणि देऊळ सोन्याचं झालं, रत्नांचे खांब, हंड्या, झुंबरं. सासरा हरखला, सुनेला दागिने दिले आणि पागोटं खुंटीवर ठेवून तळं बघायला गेला. तिची पूजा झाली, ती बाहेर आली आणि देऊळ दिसेनासं झालं. पागोटं आणायला सासरा मागं फिरला, तर तिथं एक लहानसं देऊळ, आत पिंडी, वर वाहिलेली पूजा आणि खुंटीला त्याचं पागोटं. हे असं कसं, म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, माझा गरिबाचा हाच देव. मग तिला पालखीतून घरी आणलं आणि नावडती होती ती आवडती झाली.

ऐकणाऱ्याच्या लक्षात सोन्याचं देऊळ राहतं. तुझ्याही तेच राहिलंय. रात्री झोपताना सकाळच्या स्वच्छ हातांची वाट बघणं म्हणजे देऊळ सोन्याचं होण्याची वाट बघणंच आहे, आणि नववीतल्या पोरीनं ती बघितली तर त्यात तिचं काहीच चुकलं नाही. पण तू आता 28 वर्षांची आहेस. या कहाणीत माझं मन जिथं अडकतं त्या जागा तुला दाखवते. सोनं त्यात फार थोडं आहे.

पहिली जागा रानातली. नावडती बेड्यात बसून आवडती झाली नाही. ती घराबाहेर पडली, आणि तिला ज्या पहिल्या बायका भेटल्या त्यांना तिनं स्वतःहून विचारलं, तुम्ही काय करता, मी येऊ का? त्या नागकन्यांनी तिला ‘तू कोणाची कोण?’ एवढंच विचारलं. तुझं घरात काय स्थान आहे, तुला गुराख्याचं काम का दिलं, आधी घरच्यांना आवडती होऊन ये, असलं काही नाही. चल म्हणाल्या. ती गेली.

हल्ली सगळीकडं एक वाक्य ऐकू येतं, ‘आधी स्वतःवर प्रेम कर, मग जग तुझ्यावर प्रेम करेल.’ तुलाही कोणी ते ऐकवलं असेल. मला ते पटत नाही. जिला रोज भाकरीच्या परातीपासून लांब ठेवलंय तिच्यावर ही आणखी एक परीक्षा लादणं आहे. ती पास झालीस तरच पुढं कोणी विचारणार, म्हणजे प्रेम मिळालं नाही तर तोही दोष तुझाच. माणूस असा एकटा आरशासमोर बसून स्वतःला स्वीकारत नाही. कोणीतरी शेजारी बसतं, आपल्या हातचं खातं, आपल्याला काम सांगतं, आपल्यावर रागावतंसुद्धा, आणि त्यातून हळूहळू आपल्यालाही आपली सवय होते. आरसा आवडत नसतानाही कोणाला आवडता येतं. तुझ्या बाबतीत तर ते घडून गेलंय. तुझ्या पत्रातली एक ओळ तूच परत वाच: वहिनी हट्टानं मलाच कहाणी वाचायला बसवते.

शिवामूठ लग्नानंतरची पहिली पाच वर्षं असते. नवी सून, तिच्या वशाची कहाणी, घरात मोठ्या बायका असणार, आणि ती म्हणते की कहाणी हीच वाचणार. ज्या घरात तुझ्या हातचं पाणी पाहुण्यांना जात नाही त्या घरात तुझ्या तोंडून तिला देवाची गोष्ट ऐकायचीय. हे तिनं उगीच केलंय असं तुला खरंच वाटतं? तुझी नागकन्या तुझ्याच स्वयंपाकघरात आहे आणि तू तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस. आज तिच्याजवळ बस. तिला मुनिमांबद्दल सांग. मला कळवण्याआधी तिला कळायला हवं होतं.

दुसरी जागा प्रार्थनेची. ‘शिवा शिवा महादेवा, माझी शिवामूठ ईश्वरा देवा,’ आणि मग सासू, सासरा, दीर, भावा, नणंदा, जावा, भ्रतार अशी यादी येते, या सगळ्यांना नावडती आहे ती आवडती कर रे देवा. नीट बघ, अख्खं घर त्या यादीत आहे, ती स्वतः नाही. तुझी पण अशीच यादी आहे. आई, अण्णा, पाहुणे, पंगतीतले लोक. त्यांच्यातल्या एकेकाच्या मनात आपण कसे दिसतो याचा हिशेब तू मिलमधल्या वह्यांपेक्षा जास्त ठेवतेस. कोपीच्या मागं तुला कोणीही बसवलं नाही, हे तू स्वतः लिहिलंस आणि पुढं निघून गेलीस. पुढच्या येळवशीला पंगतीत बस. सगळ्यांत आधी जाऊन बस, म्हणजे कोण कुठं बसतंय ते ठरवायचं काम त्यांच्याकडं जाईल. कोणी उठलं तर उठू दे. भज्जी आणि आंबील तुझ्या शेतातलीही आहे, त्या तुरीत तूही खुरपणी केली असशील.

तिसरी जागा काट्यांची, आणि तुझ्या ‘कीव’ या शब्दाला उत्तर तिथंच आहे. घरचे तिच्या मागून रानात निघतात, तिला रोजची सवय, तिला काही वाटत नाही. त्यांच्या पायांत मात्र काटे मोडतात. आणि कहाणी सांगते की तेव्हा त्यांना तिची दया आली, आजवर ही या रानात कशी येत असेल, असं त्यांच्या मनात आलं. देऊळ सोन्याचं व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. पहिल्यांदा तिच्याबद्दल कोणाला काही वाटलं ते पायात काटा गेल्यावर वाटलं. आई तुला कीवेनंच बघते, ओसरीवर बसून. ‘बिचारी’ म्हणणारे सगळे ओसरीवरूनच म्हणतात. त्याचा त्रास होतो, खरंय. पण जो तुझ्या वाटेनं चालला आणि त्याला टोचलं, त्याच्या मनात जे येतं ते वेगळं. मुनिमांचं नेमकं कोणतं आहे ते तू लांब बाह्या घालून आणि बोलणं तोडून कसं शोधणार? तू त्यांना वाटेवर पाऊलच ठेवू दिलं नाहीस.

आता त्यांच्या वाक्याबद्दल. ‘मला तुमचे डाग दिसतच नाहीत.’ माणूस भला असावा, त्याला तुझा संकोच मोडायचा होता, पटकन सुचलं ते बोलला. तरी या वाक्यावर लग्न उभं करू नकोस. डाग आहेत, ते दिसतात, उद्या त्याच्या आईला दिसतील, लग्नाच्या फोटोत दिसतील, आणखी वाढलेही तर दिसतील. जो बघणारच नाही त्याच्यासमोर तुला जन्मभर लपावं लागेल, कारण ज्या दिवशी दिसतील त्या दिवशी काय, ही धास्ती जायची नाही. त्याला दिसायला हवेत. त्यानं बघायला हवेत, विचारायला हवं, दुखतं का, वाढतं का, उन्हात काय होतं. म्हणून माझं म्हणणं आहे की तू त्याला बोलाव, कोपरापर्यंत बाह्या वर कर आणि सगळं सांग. कधीपासून आहे, अंगावर कुठं कुठं आहे, काय औषधं झाली, पुढं काय होऊ शकतं. नडगीवरचं पण सांग. ही तुझी लहान देवळाची गोष्ट आहे. नावडतीनं सासऱ्याला ‘थांबा, परत सोन्याचं होईल’ असं सांगितलं नाही. माझा गरिबाचा हाच देव, म्हणाली. मान खाली घालून म्हणाली असेल असं मला कधीच वाटलं नाही. त्या सबंध कहाणीत हे तिचं सगळ्यांत ताठ वाक्य आहे, आणि माझ्या मते ती आवडती होते ती इथं. पालखी नंतरची.

आणि पागोटं. सासरा सोन्याच्या देवळात पागोटं ठेवून गेला, म्हणून त्याला मागं यावं लागलं आणि खरं देऊळ बघावं लागलं. मुनिमांनी तुझ्या खुंटीला काय ठेवलंय ते विचार. डब्यातलं खाणं चांगलंच आहे, कमी समजू नकोस, तुझ्याच घरातले लोक जे करायला कचरतात ते तो मिलमध्ये सगळ्यांसमोर करतो. पण त्यानं त्याच्या घरी सांगितलंय का? आईला, भावाला, निदान एका मित्राला? ‘एका मुलीशी लग्न करायचंय, तिला कोड आहे’ हे वाक्य त्यानं कोणापुढं तरी मोठ्यानं उच्चारलंय का? नसेल तर आधी ते उच्चारू दे. त्याला आठ-पंधरा दिवस लागले तर लागू देत. घरच्यांनी कटकट केली आणि तरी तो तुझ्याकडं येऊन जसं झालं तसं सांगू शकला, तर हा माणूस आडून बसणारा नाही असं समज. आणि नाही आला, तर खूप दुखेल. त्यावर माझ्याकडं औषध नाही. पण ते डागांमुळं झालं म्हणून तू परत बाह्या खाली ओढू नकोस.

त्याच्या जातीपातीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. तो अडसर असेल तर तसं कळव, ते उत्तर वेगळं आणि जास्त सावधपणे द्यावं लागेल.

कोडाबद्दलही बोलायला हवं, कारण त्याच्या घरचे विचारणार आणि तुझ्याकडं खरी उत्तरं असायला हवीत. कोड म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर उलटते, त्या पेशी मरतात आणि तिथली कातडी पांढरी पडते. जगात साधारण 100 ते 200 माणसांमागं एकाला ते असतं. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं, भाकरीच्या पिठातून ते कोणालाच होत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं होतं, आंबट खाल्ल्यानं वाढतं, मागच्या जन्मीचं पाप असतं, यातल्या कशालाही आधार नाही. हा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो, कोडाच्या डागावर चटका, टोचणी सगळं कळतं. (आणि कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. त्या माणसांनाही आपण वेशीबाहेर ठेवलं ते कुठल्याच काळात बरोबर नव्हतं. ‘आमच्या मुलीला कुष्ठ नाही हो’ असं सांगताना त्यांच्यावर पाय देऊन उभं राहू नये.)

लेकरांना होईल का, हा प्रश्न सगळ्यात आधी येईल. घराण्यात थोडा कल असतो, पण आईला किंवा वडिलांना कोड असलं तरी बहुतेक मुलांना होत नाही. हे असंच सांग, शंभर टक्के नाहीच होणार असं वचन देऊ नकोस.

औषधांचं. तेलं बंद कर. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, मिलमधून एक दिवस सुट्टी घे आणि तिथं जा. लावायची मलमं असतात, यंत्रातल्या ठरावीक किरणांचा प्रकाश आठवड्यातून दोन-तीन वेळा बरेच महिने देतात, डाग बराच काळ वाढत नसतील तर त्वचा किंवा पेशी बसवण्याची शस्त्रक्रियाही करतात. चेहऱ्यावर, मानेवर गुण बऱ्यापैकी येतो. बोटं आणि ओठांच्या कडा इथं कमी येतो, ते डॉक्टर सांगतील तेव्हा खचू नकोस म्हणून मी आधीच सांगतेय. उपचार घ्यायचे की नाहीत हे तू ठरव. कोणी घेतात, कोणी एका टप्प्यावर थांबतात, दोन्हींत काही चूक नाही. पण पंधरा दिवसांत डाग घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस. चिकट टिकली लावत असशील तर तिच्या गोंदाकडंही लक्ष ठेव, काहींच्या कपाळावर त्यातल्या रसायनानं पांढरा डाग पडतो. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, डागांवर रंग नसल्यानं तिथली कातडी लवकर भाजते. लांब बाह्या तेव्हा घाल, उन्हासाठी. एसटीच्या थांब्यावर घाल, मिलमध्ये पोचलीस की दुमडून ठेव.

उदगीरच्या स्थळाकडं येते. बिजवर असणं हा काही दोष नाही, दोन लेकरांना आई हवी असणं हाही नाही. तो माणूस तुला भेटला असता, त्याच्याशी बोलावंसं वाटलं असतं, त्या लेकरांत जीव रमेल असं वाटलं असतं, तर मी त्याच्याच बाजूनं लिहिलं असतं. पण पत्रात त्याच्याबद्दल वय आणि लेकरांची संख्या यापलीकडं अक्षर नाही, कारण तुझ्या घरात कोणाला त्याच्याबद्दल काही जाणून घ्यायचंच नाही. ‘आणखी कुणाची वाट बघायलीस’ या वाक्यातून ते स्थळ आलंय. त्या माणसावरही हा अन्यायच आहे. ज्या घरी बायको म्हणून तू नाइलाजानं जाशील त्या घरातली लेकरं तो नाइलाज रोज बघतील. नाही म्हण, आणि लवकर म्हण, म्हणजे त्यांना दुसरीकडं बघता येईल.

एक मात्र पक्कं ठेव. उदगीर असो की मुनीम असोत की पुढचं कोणतंही स्थळ, पाहण्याच्या दिवशी क्रीम लावून डाग झाकायचे नाहीत. आई किंवा मध्यस्थ सुचवतील. एरवी कधी हौस म्हणून लावायचं तर खुशाल लाव, ते तुझं तोंड आहे. पण लपवून झालेल्या लग्नात नंतर फसवणुकीचा आरोप होतो, कोर्टकचेरी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे पहिल्या दिवसापासून तू घाबरलेली असतेस. आईला कदाचित दुसरी भीती असेल, उद्या डागांवरून टाकलं तर? तिला सांग की कोड हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. कुष्ठरोग होतं, तेही 2019 साली काढून टाकलं.

अण्णा बोलत नाहीत, एवढंच तू लिहिलंस. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. सोयाबीनच्या भावाकडं बघत बसलेला बाप, लेकीचं लग्न आणि गावाचं तोंड, यातलं एकही त्याच्या हातात नाही, म्हणून तो गप्प आहे. तू त्यांना गप्प राहण्याची सोय ठेवू नकोस. मुनिमांशी तुझं बोलणं झालं आणि तुझं मन होकाराकडं असलं, तर आईच्या आधी अण्णांना सांग, तेही शेतात, घरात नको. वहिनीला भावाशी बोलू दे. मग आईपाशी तुम्ही तिघं असाल. ती रडेल, लोक काय म्हणतील म्हणेल, मुनिमाचा पगार विचारेल. पगार विचारला की थोडं सैल झालीय असं समज आणि खरा आकडा सांग.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. या कहाणीचा शेवट मला पुरत नाही, हे उघडच सांगते. राजानं सून पालखीत घालून घरी आणली, पण तिचा नवरा कुठं होता? प्रार्थनेच्या यादीत ‘भ्रतार’ एवढा एक शब्द येतो आणि पुढं त्याचं तोंडही दिसत नाही. ज्या घरानं तिला बेड्यात ठेवलं तिथंच ती परत गेली आणि सुखी झाली, असं कहाणी म्हणते. तसं असेल तर छान. पण तुला त्याच घराला आवडती होऊन दाखवायचंय असं कोणी ठरवलं? आई कदाचित कधीच तुझ्या हातची भाकर पाहुण्याला वाढणार नाही. ते दुखेल, पण त्यासाठी तुझं लग्न, तुझी पंगत, तुझी मिलमधली दुपार थांबवून ठेवायची नाही. कधी होते म्हणून विचारतेस. वहिनीला तू केव्हाच आवडती आहेस. मुनिमांनाही असावीस, ते आता त्यांच्याकडून नीट ऐकून घे. बाकीच्यांची तारीख कोणी सांगू शकत नाही.

तुरीचा हंगाम आहे, मोंढ्यात गर्दी असेल, तेही धावपळीत असतील. ‘काम कमी झालं की बोलू’ असं तू स्वतःला सांगशील. तसं करू नकोस. या आठवड्यात निरोप दे, बसस्थानकाशेजारी चहाला बसा, वहिनीला सोबत न्यायचं असेल तर ने. आणि दवाखान्यात जाशील तेव्हा थायरॉईडची रक्ततपासणी आठवणीनं करून घे. कोड असलेल्यांमध्ये तो त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि वेळेवर कळला तर गोळीनं आटोक्यात राहतो. लग्नाचं काही ठरो न ठरो, ही तपासणी या महिन्यातच कर.

– ताई